दु-सन सामचुनचा भोपळा

भोपळा म्हटलं की तुम्हाला हसू येणार, हे मला ठाऊक आहे. गणिताच्या पेपरात ज्याला काहीच येत नाही त्याला भोपळा मिळाला, असं तुम्ही म्हणता. म्हणा बापडे. पण मित्रांनो, मीही एक भोपळाच आहे. म्हातारा, कळकट, डांबराच्या ठिगळांचा. जेजू बेटावरच्या एका बाईने आपलं जवळजवळ सगळं आयुष्य माझ्यावर छाती टेकून काढलं. मला तिची गोष्ट सांगायची आहे. माझी अशी गोष्ट त्यात थोडीच आहे. भोपळ्याला कसली आलीय गोष्ट? तो तरंगतो, एवढंच.

समुद्राकाठच्या एका गवती छपरावर माझा जन्म झाला. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून त्यावर दोरखंड आवळलेले असत. त्या दोरांना धरून आमचा वेल चढला होता. वेलावर आम्ही दोघं शेजारी शेजारी वाढलो, मी आणि माझा भाऊ. खाली घरातही दोघीच होत्या. थोरली ह्यन दु-सन आणि धाकटी दु-रे. त्यांची आई पाणबुडी बाई होती, आजीही पाणबुडीच होती, आणि आता मुलींची पाळी आली होती. म्हणून त्या वर्षी आईने आम्हाला भाजीसाठी कोवळं तोडलं नाही. वेलावरच निबर होऊ दिलं, मग उतरवून उन्हावाऱ्यात वाळवलं. देठाजवळ भोक पाडून बिया काढल्या आणि भोक डांबराने बुजवलं. आमच्याभोवती दोर गुंफला, खाली जाळ्याची पिशवी बांधली. मी दु-सनचा झालो. माझा भाऊ दु-रेचा.

आमचं काम सोपं असतं. बाई डोळ्यांना काच लावून खाली जाते. तळाच्या खडकांवरून शिंपले सोडवते, समुद्री शेवाळ कापते, आणि वर आली की सगळं माझ्याखालच्या जाळ्यात टाकते. मग माझ्यावर छाती टेकून दम खाते. खाली असताना नुसता श्वास धरायचा असतो, नळी नाही की यंत्र नाही. वर आल्यावर तो कोंडलेला श्वास ओठांतून बाहेर पडतो तेव्हा त्याची शीळ होते. प्रत्येकीची शीळ निराळी. दु-सनची शीळ लांब होती आणि शेवटी जराशी खाली वाकायची. शंभर शिळांत मी ती ओळखली असती.

पाण्यावर एकटा भोपळा दिसला की त्याचा अर्थ, बाई खाली आहे. भोपळा एकटाच फार वेळ दिसू लागला, तर त्याचा अर्थ वेगळा असतो.

दु-सनचा हात भराभर बसला. पंचविशीच्या आतच ती गावातली सगळ्यात खोल जाणारी बाई झाली. काठावर दगडांचं गोल कुंपण आणि मध्ये शेकोटी असते, पाण्यातून आलेल्या बायका तिथे शेकतात. त्या सगळ्या जागेलाच आम्ही शेकोटी म्हणतो, आणि तिथे बसायच्या जागाही मानाच्या. धूर जिथे येत नाही ती बाजू खोल जाणाऱ्यांची. दु-सन तिथे बसू लागली तेव्हा दु-रे समोर धुरात डोळे चोळत बसायची आणि म्हणायची, ‘‘ताई, थोडी सरक की. बहीण म्हणून तरी.’’

दु-सन म्हणायची, ‘‘आधी खाली ये माझ्यामागे. मग सरकते.’’

ती चेष्टा होती, मित्रांनो. पण दु-रेने ती मनावर घेतली.

हिवाळ्याच्या शेवटी होडी दूरच्या काळ्या खडकापाशी गेली होती. तिथे पाणी खोल आणि ओढ भारी. तिथल्या कपारींत ताटलीएवढे चोनबोक शिंपले चिकटून बसलेले असतात. ते सोडवायला बायका चपट्या लोखंडी पट्ट्या वापरतात. पट्टी हातातून निसटू नये म्हणून तिच्या दोरीचा फास मनगटात घालतात. दु-सन वर आली, शीळ घातली, आणि तिने पाहिलं की माझा भाऊ एकटाच डुलतो आहे. ती क्षणभर थांबली. मग पुरता दम न खाताच खाली गेली.

मी वाट पाहिली. होडीतल्या बायकांनी आधी हाका मारल्या, मग त्या रडू लागल्या. लांबून जाणाऱ्या दुसऱ्या गावच्या होडीतले लोकही उभे राहून पाहू लागले. इतका वेळ कुणी पाण्याखाली राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. अखेर दु-सन वर आली. तिने शीळ घातली नाही. तिचे ओठ निळे पडले होते, हात रिकामे होते आणि नखं उलून त्यांतून रक्त येत होतं.

दु-रेची पट्टी शिंपल्याखाली शिरली होती आणि शिंपला खडकाला घट्ट बसला होता. मनगटातला फास सुटत नव्हता. दु-सनने तो नखांनी ओढला, दातांनी ओढला. बहिणीचा हात तिच्या हातात होता. मग श्वास संपला. तो हात सोडून ती वर आली.

त्या दिवशी घरी तिने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘मग तूच कशी आलीस?’’

दुःखाच्या भरात माणूस बोलून जातं, हे मला कळतं. पण ते शब्द आईने कधी परत घेतले नाहीत, आणि दोनेक वर्षांत तीही गेली. माझ्या भावाला कुणीतरी चुलीत घातलं असावं. त्याला मी पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर दु-सनने पट्टीचा फास मनगटात कधी घातला नाही. नुसत्या मुठीत धरायची. कितीतरी पट्ट्या तिच्या हातून निसटून तळाला गेल्या. लग्न झालं, नवरा कामासाठी जपानला गेला तो तिकडचाच झाला. ती मात्र पाणी सोडेना. वर्षानुवर्षं खोल पाण्यात गेल्याने तिचे कान मंदावले, डोकं ठणकू लागलं. पाण्यात शिरण्याआधी डोकेदुखीची पूड तोंडात टाकल्याशिवाय तिला चालेना. स्वभावही कडवट झाला. शेकोटीतल्या बायका तिला मान देत, पण गप्पांत ओढत नसत. काळ्या खडकाचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नसे.

आणि मित्रांनो, अशात एक दिवस ग्ये-सुक आली.

यांग ग्ये-सुक डोंगराकडच्या गावची पोर. सोळा-सतरा वर्षांची, हाडकुळी, मोठ्या पायांची. पाठीवर राळ्याचं पोतं घेऊन ती उतारावरून चालत आली होती. शेकोटीच्या दाराशी उभी राहून तिने विचारलं, ह्यन दु-सन कोण? बायकांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक बुटकी, सुरकुतलेली बाई ओले केस पुसत बसली होती आणि पुडीच्या कागदाला चिकटलेली पूड जिभेने चाटत होती. पोरीचा विश्वास बसेना. तिने दुसऱ्यांदा विचारलं. मग पोतं खाली ठेवलं आणि सणासुदीला थोरांना करतात तसा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला.

आमच्या बेटावर वडीलधाऱ्या कुणालाही, बाई असो की बाप्या, नात्याचा असो की नसो, सामचुन म्हणतात. पोर म्हणाली, ‘‘सामचुन, लहानपणापासून तुमचं नाव ऐकत आलेय. मला तुमच्याकडे शिकायचंय.’’

‘‘काय म्हणतेय ही?’’ दु-सनने शेजारणीला विचारलं. ‘‘मोठ्यांदा बोल म्हणावं. मला ऐकू येत नाही.’’

म्हणून पोर मोठ्यांदा बोलू लागली. ह्यन दु-सन काळ्या खडकापाशी पाण्याखाली किती राहिली, होडीतल्या बायकांनी तिच्या नावाने टाहो फोडला तरी ती कशी वर आली नाही, आणि शेवटी नखांनी खरवडून सुपाएवढा चोनबोक घेऊन ती कशी हसत वर आली, हे सगळं तिने जवळजवळ ओरडत सांगितलं. त्या परक्या होडीतल्या लोकांनी जे अर्धवट पाहिलं होतं ते गावोगाव फिरत डोंगरापर्यंत पोहोचलं होतं. वाटेत दु-रे त्यातून गळून पडली होती आणि चोनबोक आत शिरला होता.

  पोरीचे डोळे लकाकत होते. ती स्तुतीची वाट पाहत असावी.

दु-सन उठली. तिने मला उचलून खांद्याला लावलं आणि जाताना म्हणाली, ‘‘तुझं राळं उचल आणि घरी जा.’’

घरी जायला तिला घर नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. ग्ये-सुक गेली नाही. शेवाळ वाळवायच्या खोपीत राहिली, ज्याच्या त्याच्या घरचं पाणी भरलं, डुकरांना खाऊ घातलं. रोज गुडघाभर पाण्यात जायची, मग कमरेएवढ्या, मग गळ्याएवढ्या. डोंगरातल्या पोरींना पोहता येत नाही. ती लाटेबरोबर आपटायची, नाकातोंडात पाणी जायचं, हसून हसून बायकांची मुरकुंडी वळायची. त्यांनी तिचं नाव शेळी ठेवलं. शेळी पाण्यात उतरली गं, असं ओरडून एकमेकींना बोलवायच्या. दु-सन तिच्याकडे पाहतसुद्धा नसे.

पण पोर चिवट होती. उन्हाळा सरेपर्यंत ती बुडी मारायला शिकली. कुणाचा तरी टाकून दिलेला भोपळा तिने डांबर लावून दुरुस्त केला होता. एके दिवशी दु-सन माझ्यावर रेलून दम खात असताना तिने पाहिलं की थोड्या अंतरावर तो ठिगळांचा भोपळा एकटाच डुलतो आहे. माझ्या दोरावरची तिची मूठ आवळलेली मला कळली. भोपळा डुलतच राहिला. दु-सनने काच डोळ्यांवर ओढली. तेवढ्यात पोर वर आली. नाकातून रक्ताची धार, चेहरा पांढराफटक, आणि तरी ती हसत होती.

दु-सनने तिला केसाला धरून ओढत खडकावर नेलं.  रागाने तिच्या तोंडून जी भाषा आली ती मी इथे सांगत नाही. शेवटी ती म्हणाली, ‘‘समुद्र काय तुझा मामा लागून गेला? कुणी सांगितलं होतं इतका वेळ थांबायला?’’

‘‘तुम्ही थांबला होतात,’’ पोर म्हणाली.

दु-सन खाली बसली. मी तिच्या पायाशी होतो. इतक्या वर्षांत तिने जे कुणापाशी काढलं नव्हतं ते तिने या परक्या पोरीला सांगितलं. काही लपवलं नाही. चोनबोक नव्हता, हेही सांगितलं. हसत तर मी मुळीच आले नव्हते, म्हणाली. मी बहिणीचा हात सोडला. माझा दम संपला म्हणून सोडला आणि पळाले. आईने विचारलं ते खरंच होतं. ज्या बाईच्या पाया पडायला तू एवढी चालत आलीस, ती बाई नाहीच आहे.

 ग्ये-सुकने नाकाचं रक्त बाहीने पुसलं. मग ती दु-सनच्या कानाजवळ सरकली आणि तिने आपली गोष्ट सांगितली.

बंडखोर लपलेत या संशयाने सैनिकांनी डोंगराकडची गावं जाळली, त्या हिवाळ्यात ती लहान होती. आई तिला घेऊन एका गुहेत लपली होती. आणखी पाच-सहा घरची माणसं तिथे होती. बाहेर बर्फ, आत काळोख. अधूनमधून डोक्यावरच्या जमिनीवर बूट वाजायचे. एखादं पोर रडलं, खोकलं, तरी सगळे मेले असते. आई तिच्या कानात काळ्या खडकाची गोष्ट सांगायची. ती गोष्ट आईने काठावर राळ्याच्या बदली शेवाळ घ्यायला आली असताना ऐकली होती. बूट वाजू लागले की आई म्हणायची, दु-सन बघ पाण्याखाली आहे. तिने श्वास धरलाय. तूही धर.

‘‘आणि मी धरायचे,’’ ग्ये-सुक म्हणाली. ‘‘बूट लांब जाईपर्यंत. आई त्याच हिवाळ्यात गेली, तापाने. मी राहिले. आता तुम्ही म्हणता ती बाई नव्हतीच. मग माझ्याबरोबर त्या अंधारात कोण होतं?’’

मित्रांनो, दु-सनला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. समुद्रात रडलेलं कळत नाही, तो भाग वेगळा. त्या दिवशी ती कोरड्या खडकावर बसून रडली, आवाज न करता. पोर तिच्याजवळ बसून राहिली. भरती येऊन पाणी पायांना लागलं तेव्हा दु-सन उठली आणि म्हणाली, ‘‘उद्या सकाळी ये. आणि तो फास मनगटात घालायचा नाही. परत दिसला तर हात तोडीन.’’

मग दु-सनने तिला शिकवलं. खोल जायला नव्हे, परत यायला. तिचं सगळं शिक्षण तेवढंच होतं. खाली जाताना मन ओढ घेतं, म्हणायची, ते सगळ्यांचंच घेतं. वर येण्याचा श्वास वेगळा राखून ठेव आणि त्याला हात लावू नकोस. मोठा चोनबोक दिसला आणि दम सरत आला, तर त्याला तिथेच सोड, वळूनही पाहू नकोस. आज राहिला तर उद्या मिळेल, नाही मिळाला तर नाही. कुणाला सोडून यावं लागलं तरी, असं म्हणून ती एकदा थांबली होती. मग तिने ते वाक्यही पुरं केलं, ‘‘तरी यायचं. ऐकलंस का शेळे? मी असले तरी.’’

ग्ये-सुकने मान डोलावली. तरुण माणसं अशी मान सहज डोलावतात.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. दु-सन शेकोटीत बोलू लागली, क्वचित हसूही लागली. ग्ये-सुकने लग्न केलं ते त्याच गावात, दु-सनच्या घरापासून दगडी कुंपण ओलांडलं की तिचं अंगण. रताळी उकडली की आधी सामचुनच्या घरी जायची. दु-सनला आता स्वतःची शीळही ऐकू येत नसे. दोघी बरोबर वर आल्या की ती ग्ये-सुकच्या तोंडाकडे पाहून विचारायची, घातली का मी? आणि ग्ये-सुक हाताने खूण करायची, घातली, लांबलचक घातली.

पुढे गावात शाळेला छप्पर घालायचं ठरलं. आमच्याकडे अशा कामासाठी समुद्राचा एक तुकडा राखून ठेवतात. ठरल्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बायका तिथे उतरतात आणि जे मिळेल ते शाळेचं. तो तुकडा काळ्या खडकाच्या बाजूचाच होता. दु-सनने थांबावं, शेकोटी सांभाळावी, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, तिने दोन पुड्या घेतल्या होत्या. ग्ये-सुकने तर मला लपवूनच ठेवलं होतं. म्हातारीने मला हुडकून काढलं.

‘‘पोरांच्या डोक्यावर छप्पर घालायचंय,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मी काय शेकत बसू?’’

पाणी स्वच्छ होतं. ती उथळातच काम करत होती. वर यायची, छाती टेकायची, जायची. मग ओढीने मला थोडं बाहेर नेलं आणि तीही माझ्यामागे आली. तिथे एकदा गेली ती आली नाही.

मी बोलू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त तरंगू शकतो. त्या दिवशी मी जितका एकटा तरंगलो तितका कधी तरंगलो नव्हतो. आणि बुडणं माझ्या हातात नव्हतं.

ग्ये-सुकने मला पाहिलं. ती खाली गेली. खाली काय झालं ते तिने नंतर शेकोटीत सांगितलं, तेवढंच मला माहीत आहे. दु-सन एका पुढे आलेल्या कपारीखाली होती. कशात अडकली नव्हती. शेवाळात डोकं ठेवून झोपल्यासारखी होती, हातात पट्टीही नव्हती. ग्ये-सुकने तिला गळ्याशी धरून ओढलं. पाण्याची ओढ तिला आत दाबत होती. थोडी बाहेर आली, पुन्हा आत गेली. ग्ये-सुकने तिचा हात धरला. ग्ये-सुकचा राखून ठेवलेला श्वास आता सुरू झाला होता. हे तिला कळत होतं, कारण ते ओळखायला तिला याच बाईने शिकवलं होतं.

तिने हात सोडला.

ती वर आली आणि माझ्यावर कोसळली. तिची शीळ निघाली ती शीळ नव्हती, काही वेगळंच होतं. दोन-चार श्वास घेऊन ती पुन्हा खाली गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटी बायकांनी तिला दंडांना धरून होडीत घेतलं आणि सोडलं नाही. उन्हं कलल्यावर पुरुषांनी गळ टाकून दु-सनला काढलं.

बायकांनी ग्ये-सुकला शेकोटीत आणलं. ती कुणाकडे पाहत नव्हती. ती एका प्रश्नाची वाट पाहत होती. तो दु-सनच्या आईचा प्रश्न होता. ग्ये-सुकशिवाय तो फक्त मला ठाऊक होता, आणि जी गेली होती तिला. कुणीतरी आता तोंड उघडणार आणि तो विचारणार, म्हणून तिने खांदे आवळून धरले होते.

कांग युन-सेंग ही तेव्हा सगळ्यांत म्हातारी. कधीकाळी ग्ये-सुकला शेळी हे नाव तिनेच दिलं होतं. ती उठली. तिने गोड्या पाण्याच्या रांजणातून पाणी घेतलं, ग्ये-सुकच्या डोक्यावरचं मीठ धुतलं, मग ओंजळीने तिला पाजलं, वासराला पाजावं तसं.

‘‘आलीस ना, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘आलीस. बास झालं.’’

तेव्हा ग्ये-सुकला रडू फुटलं.

त्यानंतर ती बरेच महिने पाण्यात उतरली नाही. मी तिच्या घरी खुंटीला होतो. घरात स्वयंपाक होई, पोरं निजत, ती माझ्याकडे पाठ करून बसे. तिचा नवरा एकदा मला माळ्यावर टाकायला निघाला तर तिने नुसता हात वर केला. वसंतात वाऱ्याच्या देवीची पूजा झाली, बायकांनी बुडालेल्यांसाठी कागदात भात गुंडाळून समुद्रात सोडला. ग्ये-सुकने दोन पुड्या सोडल्या, एक दु-सनच्या नावाची, एक दु-रेच्या. दु-रेचं नाव त्या काठावर कितीतरी वर्षांनी कुणी मोठ्यांदा घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला खुंटीवरून काढलं, खांद्याला लावलं आणि पाण्याकडे निघाली. स्वतःचा ठिगळांचा भोपळा तिने घरी ठेवला होता.

पुढची किती वर्षं तिने मला वापरलं! ती खोल जाणारी झाली, मानाच्या बाजूला बसू लागली. पण तिच्याइतक्या लवकर वळून येणारी बाई त्या काठावर दुसरी नव्हती. मोठमोठे चोनबोक सोडून यायची. नव्या पोरी कुजबुजत, एवढी नावाजलेली आणि भित्री कशी? ती हसायची आणि त्यांच्या मनगटांत फास तर नाही ना, ते तपासायची.

मग पांढऱ्या, हलक्या फोमच्या फुग्यांचं युग आलं. ते फुटत नाहीत, त्यांना डांबर लागत नाही. काठावरचे भोपळे बघता बघता संपले. काही चुलीत गेले, काहींत पोरांनी दगड भरून खुळखुळे केले. ग्ये-सुकलाही सुनेने फोमचा तरंगा आणून दिला. मी खोपीत पडलो. उंदरांनी माझा दोर खाल्ला. एका उन्हाळ्यात मी मधोमध उललो, आता डांबराने सांधण्यासारखा राहिलो नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. ज्याचं काम तरंगणं, त्याला तरंगता येईना म्हणजे तो उरलाच कशाला?

एके सकाळी ग्ये-सुक खोपीत आली. तिचे केस पांढरे झाले होते, तिलाही आता कमी ऐकू येत होतं. तिने मला मांडीवर घेतलं, चिरेवरून बोट फिरवलं. मग करवत आणली आणि त्याच चिरेच्या वाटेने मला हळूहळू कापलं. माझे दोन भाग झाले. तिने आतली बाजू घासली, मिठाच्या पाण्यात उकळली, उन्हात ठेवली. दोन चांगल्या वाडग्या तयार झाल्या, पाणी काढायच्या. एक तिने स्वतःच्या घरी ठेवली. दुसरी शेकोटीत, गोड्या पाण्याच्या पिंपावर टांगली.

तिथेच मी आता आहे, मित्रांनो. निम्मा का होईना. पाण्यातून आलेली बाई थरथरत कुंपणाच्या आत येते, काच कपाळावर सारते, आणि कुणीतरी मला भरून तिच्या डोक्यावर ओततं, मग तिच्या ओठांना लावतं. कधी तिचं जाळं भरलेलं असतं, कधी रिकामं. मला ते दिसत नाही. मला फक्त तिचे गार ओठ लागतात आणि घशाचा आवाज ऐकू येतो.

तुमच्याही घरी माणसं परत येत असतील. कुणी परीक्षेतून, कुणी परगावाहून, कुणी इस्पितळातून, कुणी कुणाला तरी मागे ठेवून. त्यांनी काय आणलं, काय सोडलं, हे लगेच विचारू नका. दारात उभं राहून विचारू नका. आधी त्यांना पाणी द्या. भांडं जुनं असलं तरी चालेल.